करारात लिहिलेलं टपाल

पाऊस लागला की आमच्या धारणी तालुक्यात बेटं तयार होतात. सिपना, गडगा भरून वाहतात, नाल्यांवरचे रपटे बुडतात आणि पलीकडची गावं पलीकडेच राहतात. अशाच एका पावसाळ्यात मुलाखतीचं पत्र माझ्या हाती पडलं, ते तारीख उलटून चार दिवस झाल्यावर. "नाल्याले पूर होता बाबू, येऊ कसा?" पोस्टमनकाका म्हणाले. राग काढायचा तरी कोणावर?

त्या पत्रापायी मी टपालाचा इतिहास वाचायला घेतला आणि थेट कॅनडात पोचलो.

प्रिन्स एडवर्ड आयलंड हे तिकडच्या पूर्व किनाऱ्याजवळचं बेट. मधली समुद्राची पट्टी हिवाळ्यात गोठायची, पण धड नाही. बर्फाचे तुकडे प्रवाहासोबत फिरत राहायचे, मध्येच उघडं पाणी. जहाज अडकायचं, घसरगाडीचाही भरवसा नाही. म्हणून 1827 पासून टपाल 'आइसबोटी'तून जाऊ लागलं. पाणी आलं की वल्हवायचं, बर्फ आला की उतरून बोट ओढायची. ओढणाऱ्यांच्या अंगात चामड्याचे पट्टे असत, बोटीला बांधलेले. बर्फ फुटून माणूस खाली गेला, तर तोच पट्टा त्याला वाचवायचा. जानेवारी 1885 मध्ये अशा तीन बोटी वादळात सापडल्या. 22 जणांनी रात्र बर्फावर काढली आणि ऊब मिळावी म्हणून एक बोट फोडून जाळली.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. 1873 साली हे बेट कॅनडात सामील झालं, तेव्हा त्यांनी करारात अट घातली होती: टपाल आणि प्रवाशांसाठी हिवाळा-उन्हाळा वाफेच्या बोटीची सेवा हवी. सरकारला ती नीट जमेना. बेटवाले भांडत राहिले. 1901 मध्ये त्याबद्दल वर्षाला 30,000 डॉलर भरपाई ठरली. बर्फ फोडत जाणारी मोठी फेरीबोट 1917 मध्ये सुरू झाली, तेव्हा कुठे आइसबोटी थांबल्या.

आपल्याकडेही 1854 मध्ये देशभर पत्राला एकच दर आला. अंतर कितीही असो, वजन तेच तर तिकीट तेच. मला तोही करारच वाटतो. मुंबईच्या माणसाइतकेच पैसे मेळघाटातला माणूस मोजतो, मग पत्रही त्याला वेळेवरच मिळायला हवं.

पोस्टमनकाकांवर माझा राग नाही. तेही अंगात पट्टा बांधून ओढणाऱ्यांपैकीच. पण "नाल्याले पूर होता" हे उत्तर आता मला पुरत नाही. पूर दरवर्षी येतो. पूल का येत नाही, एवढंच विचारायचं आहे.