मठांतील बासने आणि संशोधकांचे कार्य

ग्रंथाचे रक्षण श्रद्धेने होते. परंतु त्याचा लाभ सर्व समाजास व्हावा, यासाठी श्रद्धेला अभ्यासाची जोड लागते. मराठी मठांचा इतिहास पाहता हे सत्य विशेषत्वाने प्रत्ययास येते.

मुद्रणकला रूढ होण्यापूर्वी ग्रंथांचा प्रसार होई तो शिष्यांच्या बोरूने. गुरूपाशी राहून पोथी उतरून घेणे हा अध्ययनाचाच एक भाग होता. लिहिताना प्रमाद घडला, तर त्यावर हरताळ फासून अक्षर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच भाषेत आला. तथापि प्रतीवरून प्रत होताना जुन्या शब्दांच्या जागी परिचयाचे शब्द येत, काही ओव्या गळत, काही नव्याने शिरत. म्हणून ग्रंथकर्त्याच्या काळास जी प्रत जितकी निकट, तितके तिचे मोल अधिक. अशा प्रती कोठे राहिल्या, तर मठांच्या बासनांत. कारण तेथे पोथी ही केवळ वाचनाची वस्तू नव्हती, ती नित्य पूजेत होती.

ही बासने सोडविण्याचे कार्य विसाव्या शतकाच्या आरंभी जोमाने सुरू झाले. धुळ्यास इ. स. १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली होती. तिचे आधारस्तंभ समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठोमठी फिरून रामदासी वाङ्मय जमविले. समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ परांडे तालुक्यातील डोमगाव येथे आहे; तो प्रदेश त्या वेळी निजामाच्या राज्यात मोडत असे. त्या मठात जतन केलेल्या प्रतीच्या आधारे देवांनी इ. स. १९०५ मध्ये दासबोध छापून प्रसिद्ध केला. पूजेतील पोथी परक्याच्या दृष्टीस पडू देणे मठाधिपतींना सोपे नसते. तेथे विश्वासच कामी येतो. आणि तो विश्वास संशोधकास आपल्या आचरणाने मिळवावा लागतो.

याच काळात इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्ये निघाला. पुढे बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या पोथीवरून त्यांनी इ. स. १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. नित्य पारायणात असलेल्या ग्रंथाची भाषा शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाली. इ. स. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली आणि एकट्यादुकट्याच्या परिश्रमास संस्थेचे स्थैर्य लाभले.

या संशोधनाचे फळ पंडितांपुरतेच राहिले नाही. जो दासबोध मठात जाऊन ऐकावा, तो घरोघरी वाचता येऊ लागला. शिवथरच्या घळीचे स्थान देवांनी इ. स. १९३० मध्ये शोधून काढले आणि विस्मृतीत गेलेले स्थळ पुन्हा भाविकांचे तीर्थ झाले. निजामाच्या राज्यातील मराठी जनांस तर या कार्याचे मोल आगळेच. तेथे राज्यकारभार उर्दूत चाले, इ. स. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा परिस्थितीत कीर्तन, पारायण आणि छापील संतग्रंथ हीच अनेकांची मातृभाषेची पाठशाळा ठरली. मठाने जे राखले, संशोधकाने जे शोधले, ते अशा रीतीने पुन्हा समाजाच्या पदरी पडले.

आजही अनेक मठांत बासने बांधलेलीच आहेत. वाळवी, दमट हवा आणि उपेक्षा यांना श्रद्धेची भीड पडत नाही. हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी व जतनासाठी भारत सरकारने इ. स. २००३ मध्ये राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. तथापि पहिले पाऊल मठानेच उचलावयास हवे. पोथ्यांची सूची करावी, छायाचित्रे घ्यावीत, मूळ पोथी देवघरीच ठेवून तिची प्रतिमा अभ्यासकांस द्यावी. पाठशाळेच्या विद्यार्थ्यांस जुने हस्ताक्षर आणि मोडी लिपी शिकवावी. केवळ पोथ्याच नव्हेत, तर दानपत्रे, अन्नछत्राचे हिशेब, उत्सवाच्या याद्या यांतही समाजाचा इतिहास साठलेला असतो. कोणत्या गावाने धान्य दिले, कोणत्या घराण्याने सेवा केली, हे त्यांवरूनच कळते. संशोधकानेही आपला निष्कर्ष प्रथम त्या मठाच्या भक्तमंडळींपुढे, त्यांना समजेल अशा भाषेत मांडावा; कारण ज्यांनी ठेव राखली, त्यांचा तिच्या व्याजावर पहिला अधिकार आहे.

वर्धापनाचा उत्सव दीपमाळांनी शोभतो. पण पूर्वजांनी राखलेले एखादे बासन या निमित्ताने उघडले गेले, तर तो दीप अधिक काळ तेवत राहील. तशी सद्बुद्धी सर्वांस होवो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.