ओंडोल

कोरियातील घरांची जमीन खालून तापवून खोली उबदार ठेवण्याची परंपरागत पद्धती. खोलीलगतच्या स्वयंपाकघरात, जमिनीच्या पातळीखाली चूल असते. तिच्यातील धूर व तप्त वायू खोलीखालच्या दगडी नाळ्यांतून वाहत जाऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतात. नाळ्यांवर सपाट शिळा, त्यांवर मातीचा गिलावा व सर्वांत वर तेल दिलेला जाड कागद असतो. अन्न शिजविणाऱ्या जाळावरच घरही तापते. चुलीजवळची जागा सर्वांत उबदार असल्याने तेथे बसण्याचा मान वडीलधाऱ्यांचा व पाहुण्यांचा असे.

विस्तव विझल्यावरही शिळा कित्येक तास उष्णता देत राहतात. तिचा काही भाग प्रत्यक्ष स्पर्शाने व तापलेल्या हवेने, तर बराच भाग अवरक्त प्रारणाने मिळतो. हे अदृश्य प्रारण विल्यम हर्शेल यांना १८०० मध्ये सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवल्यावर आढळले. आदर्श कृष्ण पृष्ठभाग धरल्यास २७° से. तापमानाची जमीन दर चौ. मी. ला सु. ४६० वॉट, तर १०° से. तापमानाची सु. ३६५ वॉट प्रारण बाहेर टाकते. माणसाची त्वचा या दोहोंपेक्षा उष्ण असते. म्हणजे ओंडोलची जमीन त्वचेला तापवीत नाही, तिची उष्णता कमी वेगाने जाऊ देते. त्यामुळे हवा थोडी गार असली, तरी थंडी वाजत नाही.

कोगुर्यो राज्यातील गरीब लोक हिवाळ्यात लांब चरांखाली विस्तव पेटवून ऊब घेत, अशी नोंद तांग राजवटीच्या, ९४५ मध्ये सिद्ध झालेल्या चिनी इतिहासग्रंथात आहे. संपूर्ण जमीन तापविण्याची पद्धती जोसन राजवटीत (१३९२–१९१०) सर्व थरांत रूढ झाली. तिला लागणाऱ्या सरपणाने डोंगर उघडे पडत गेले.

अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट यांनी टोकिओतील एका घरात कोरियन पद्धतीची खोली अनुभवली होती. पुढे मॅडिसन येथील जेकब्झ यांच्या घरात (१९३७) त्यांनी काँक्रीटच्या जमिनीखाली नळ घालून तीच कल्पना राबविली.

कोरियन युद्धानंतर (१९५०–५३) सरपणाऐवजी कोळशाच्या सच्छिद्र वड्या आल्या. डोंगरांवरील भार हलका झाला, पण संकट घरात शिरले. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबून तडा गेल्याची सूचना देतो. वड्यांपासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडाला रंग नाही की वास नाही. जमिनीच्या भेगांतून झिरपलेल्या या वायूने झोपेतच असंख्य लोकांचे प्राण घेतले. जमिनीखालील नळांतून ऊन पाणी खेळविण्याची पद्धती बहुमजली इमारतींतून पसरली, तेव्हा विस्तव झोपण्याच्या जागेपासून दूर गेला.