जुनी दारे आणि त्यांची छायाचित्रे

देवदर्शनास आलेला भाविक पहिला नमस्कार करतो तो उंबरठ्याला. वहाणा बाहेर काढून, उंबऱ्याला लावलेला हात कपाळी नेल्याखेरीज आपल्याकडे कोणी आत पाऊल टाकीत नाही. असे असूनही जीर्णोद्धाराचे कार्य निघाले म्हणजे शिखर, सभामंडप, फरशी यांचीच चर्चा अधिक होते. दाराविषयी 'जुने झाले, बदलून टाका' एवढेच बोलले जाते. काढलेली चौकट काही दिवस भिंतीला टेकून पावसात भिजत राहते. पुढे ती कोणाच्या गोठ्याला लागते, नाहीतर जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाते. तिच्याबरोबर गावाच्या इतिहासाचे एक पान कायमचे जाते. ते पान जाण्यापूर्वी त्याची नक्कल करून ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे छायाचित्र होय.

जुन्या दारात पाहण्यासारखे काय असते, याचा प्रथम विचार करू. यादवकाळातील व त्याआधीच्या दगडी मंदिरांत गाभाऱ्याचे दार हा शिल्पकाराच्या कौशल्याचा मोठा भाग असे. दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांना द्वारशाखा म्हणतात. त्यांवर वेलबुट्टी आणि तळाशी द्वारपाल कोरलेले असतात. वरच्या पट्टीच्या मध्यावरील लहान मूर्तीला ललाटबिंब म्हणतात. तेथे बहुधा गणपती असतो. उंबरठ्यावर कीर्तिमुख असते. पुढील काळातील वाड्यांनी हीच रीत लाकडात उतरविली. सागवानी चौकटीवरील गणेशपट्टी, कमळे, पोपट, घोड्यांची तोंडे ही सुताराच्या हाताची साक्ष आहे. पुष्कळ जुन्या दारांना बिजागरी नसे. फळीच्या कडेची गोल खुंटी वर चौकटीच्या छिद्रात आणि खाली दगडाच्या खळग्यात फिरे. आतून लावावयाचा अडसर भिंतीतील पोकळीत सरकविला जाई. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी ठेवीत, म्हणजे रात्री एखाद्याला आत घ्यावयाचे तर सबंध दरवाजा उघडावा लागत नसे.

दरवाजा काळाची परिस्थिती कशी सांगतो, याचे ठळक उदाहरण पुण्याचा शनिवारवाडा. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० साली त्याची पायाभरणी केली व १७३२ साली वास्तुशांत झाली. उत्तरेकडील दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर लांब अणकुचीदार लोखंडी खिळे बसविलेले आहेत. हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून ही योजना होती. १८२८ सालच्या आगीत आतील इमारती जळून गेल्या; तट व दरवाजे उरले. आतील दिवाणखाने कसे होते यासाठी आज लेखी वर्णनांचा आधार घ्यावा लागतो. त्या वेळी आपल्याकडे छायाचित्रणाची कला आलेलीच नव्हती.

ती कला थोड्याच वर्षांत आली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि तिच्या कार्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी एतद्देशीय मंडळीही होती. १८५५ साली कॅप्टन बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याकडे विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम सोपविण्यात आले. जड कॅमेरा, तिकाटणे आणि रासायनिक द्रव्ये बैलगाडीतून वाहून न्यावी लागत. पुढे पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझन्स यांनी दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवर ग्रंथ सिद्ध केला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. सिन्नरचे गोंदेश्वर, खानदेशातील बलसाणे अशा स्थळांची त्यातील छायाचित्रे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात.

छायाचित्र कोणत्या बाजूने घ्यावे, याचा धडा ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर देते. तेथील शिलाहारकालीन शिलालेख उत्तरेकडील दाराच्या वरच्या तुळईवर, तोही आतल्या अंगास आहे. केवळ बाहेरून दार पाहून परतणाऱ्याला तो दिसतच नाही. आरंभीच्या वाचनात त्यातील शक ७८२ असा समजला गेला. नंतरच्या वाचनात तो शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे ठरले. एका आकड्याने दोनशे वर्षांचा फरक पडला! मूळ अक्षरे जागेवर होती म्हणूनच ती पुन्हा तपासता आली. ती तुळई कोणी फोडून चुन्याच्या भट्टीत टाकली असती, तर चुकीचेच साल पुढे चालू राहिले असते.

नुसत्या ऐकीव गोष्टीवर विसंबल्यास काय होते, ते गझनीच्या दारांच्या प्रकरणावरून दिसते. १८४२ साली इंग्रज सैन्याने गझनी येथील महमुदाच्या कबरीची दारे उचलून हिंदुस्थानात आणली आणि ही सोमनाथची लुटून नेलेली चंदनी दारे आहेत, असे गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांनी जाहीर केले. बारकाईने पाहिल्यावर लाकूड चंदनाचे नसून देवदाराचे निघाले. नक्षीही गुजरातेतील मंदिरांची नव्हती. ती दारे सोमनाथला गेलीच नाहीत, आग्र्याच्या किल्ल्यात राहिली. म्हणून दाराची हकीकत लिहिताना लाकूड, नक्षी आणि अक्षरे यांची साक्ष आधी घ्यावी, दंतकथा दंतकथा म्हणून वेगळी नोंदवावी.

काही गोष्टी मात्र छायाचित्रातही उमटत नाहीत. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाचा लढा उभा राहिला, तेव्हा मंदिराची दारे बंद करण्यात आली. तो लढा १९३५ पर्यंत चालला. पंढरपुरास महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. तेथील मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले. दार कोणी बांधले याइतकेच ते कोणासाठी बंद होते आणि केव्हा उघडले, हेही इतिहासात यावयास हवे. गावातील वडीलधाऱ्यांकडून या गोष्टी ऐकून छायाचित्राच्या पाठीमागे प्रामाणिकपणे लिहून ठेवाव्यात. त्या लिहिताना संकोच वाटला, तरी त्या गाळू नयेत.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आज घरोघरी मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, तेव्हा खर्चाची सबब उरलेली नाही. दार हलविण्यापूर्वी, ते जागेवर असतानाच समोर सरळ उभे राहून एक छायाचित्र घ्यावे. दुसरे आतल्या बाजूचे घ्यावे. मग गणेशपट्टी, उंबरठा, कडी-कोयंडा, खिळे व अक्षरे यांची जवळून घ्यावीत. शेजारी फूटपट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. कोरीव काम सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसते. अंधाऱ्या जागी बाजूने दिवा धरावा. अक्षरे दिसावीत म्हणून खडू किंवा शेंदूर भरू नये, तसेच पूर्वीचा रंग खरवडू नये. गावाचे नाव, दाराची दिशा, मापे आणि तारीख ताबडतोब लिहावी. एक छापील प्रत देवस्थानच्या दप्तरात, दुसरी शाळेत ठेवावी. मोबाइल हरवतो, बिघडतो. दप्तरातील कागद नातवंडांच्या हाती लागतो.

जीर्णोद्धार म्हणजे जे जीर्ण झाले त्याचा उद्धार. ज्या दानशूर मंडळींनी अशा कार्यास सढळ हाताने साहाय्य केले आणि ज्या ग्रामस्थांनी श्रमदान केले, त्यांनी आपापल्या वाड्याच्या, घराच्या जुन्या दारासमोरही एकदा थांबावे. नवे दार अवश्य बसवावे. परंतु ज्या चौकटीतून आजी-आजोबांची वरात आत आली आणि ज्या चौकटीतून त्यांना अखेरचा निरोप दिला गेला, तिचे निदान एक छायाचित्र घेतल्यावाचून सुताराला पहिला घाव घालू देऊ नये.