नव्वद नंबरच्या लेण्यातल्या सह्या

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीला जाणारी बहुतेक मंडळी तीन नंबरचं चैत्यगृह बघतात, खांबांसमोर फोटो काढतात, काकडी खातात (माकडांनी खाऊ दिली तर) आणि खाली उतरतात. शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायचा स्टॅमिना कोणाकडे असणार? पण पुढच्या वेळी डोंगर चढून नव्वद नंबरपर्यंत जाच. तिथे हजार वर्षांपूर्वी काही इराणी माणसं आपली नावं कोरून गेली आहेत.

हो, इराणी. लेणं बौद्ध, राज्य ठाण्याच्या शिलाहारांचं, आणि भिंतीवर पहलवी लिपीत जरथुष्ट्री पाहुण्यांची नावं! असे तीन लेख आहेत. दोन इ.स. १००९ मधले, एक १०२१ मधला. मजकूर अगदी रोखठोक: देवाचं नाव, तारीख, आणि मग इराणहून कोणकोण आलं त्याची यादी, प्रत्येकाच्या बापाच्या नावासकट. रेशनकार्डच जणू. का आलो, लेणी कशी वाटली, याबद्दल एक अक्षर नाही.

मला सगळ्यात जास्त भिडते ती तारीख. वर्ष लिहिलंय ३७८. हा सन सुरू होतो तिसरा यज्दगर्द गादीवर आला तेव्हापासून, म्हणजे ६३२ पासून. हा इराणचा शेवटचा सासानी बादशहा. ६५१ मध्ये तो मारला गेला, साम्राज्य तर अरबांनी आधीच जिंकलं होतं. तरीही साडेतीनशे वर्षांनी, साष्टी बेटावरच्या एका डोंगरात उभी राहून ही माणसं त्याच बादशहाच्या राज्यारोहणापासून वर्षं मोजतायत. तिकडे फिर्दौसीचं शाहनामा पूर्ण झालं ते १०१० मध्ये, म्हणजे जवळपास त्याच सुमारास. राज्य गेलं तरी कॅलेंडर सोडायचं नाही, असा हा हट्ट.

आता याचं महत्त्व. पारशी भारतात कसे आले ते आपण ऐकतो (दूध-साखरेची गोष्ट वगैरे), पण त्या स्थलांतराची मुख्य लिखित कथा म्हणजे ‘किस्सा-ए-संजान’ हे फारसी काव्य १६०० सालचं. घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेलं. त्यामुळे ते नेमके कधी आले यावर अजून वाद चालतो. कान्हेरीची भिंत तो वाद मिटवत नाही. पण इथे काव्य नाही, दंतकथा नाही, नुसता टाइमस्टॅम्पसकट लॉग आहे. आपल्या लाइनीतल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको :)

आणि हा लॉग वाचला कोणी? एका इंजिनिअरनेच! एडवर्ड विल्यम वेस्ट. १८४४ मध्ये मुंबईला आला तो कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर देखरेख करायला. पुढे जीआयपी रेल्वेत इंजिनिअर झाला. घाटकोपर-मुलुंडवाल्यांनो, तुमची रोजची लोकल धावते तीच ही लाइन. नोकरी सांभाळून त्याने कान्हेरीच्या लेखांच्या नकला केल्या, पहलवी शिकला आणि १८८० मध्ये या लेखांचं वाचन छापलं. पुढे पहलवी ग्रंथांच्या भाषांतराचे पाच खंड त्याने केले. नाहीतर आम्ही! वीकेंडला एक पोस्ट लिहितो आणि दमतो.

इथे कोणीतरी विचारणारच: मग आजच्या बंटी-पिंकीने बाणाचं हृदय कोरलं तर त्याला का शिव्या घालता? हजार वर्षांनी तोही इतिहास होईल की! हा युक्तिवाद मी कान्हेरीच्या पायऱ्यांवरच ऐकलाय आणि तो मला अजिबात पटत नाही. भिंत एकच आहे. पहलवी ही आधीच वाचायला अवघड लिपी, एकाच खुणेचे वेगवेगळे उच्चार होतात. त्यात किल्लीचा एक ओरखडा वाढला की माणसाचं नावच बदलणार. बंटीचं नाव आधार कार्डावर, बँकेत, फोनमध्ये, शंभर ठिकाणी आहे. त्या इराण्यांचं या भिंतीखेरीज कुठेच नाही. शिवाय २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारक विद्रूप करण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

असो. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, वर ऊन फार लागतं. आणि सोमवार सोडून जा, लेणी बंद असतात.