23 एप्रिलची कुळकथा

जगभर 23 एप्रिलला पुस्तकदिन साजरा होतो, आणि शेक्सपिअर व सर्व्हान्तेस 1616 साली याच दिवशी वारले असं त्याचं कारण सांगितलं जातं. पण या दिवसाची सुरुवात झाली ती बार्सिलोनाच्या पुस्तकबाजारात.

तिथले प्रकाशक व्हिसेंते क्लाव्हेल यांनी, वर्षातला एक दिवस पुस्तकांसाठी राखून ठेवावा म्हणजे खपही वाढेल, असा आग्रह धरला. 1926 मध्ये स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो याने तसा हुकूम काढला. दिवस ठरला 7 ऑक्टोबर, म्हणजे ‘डॉन किहोते’चा लेखक सर्व्हान्तेस याची त्या वेळी मानली जाणारी जन्मतारीख. पण या तारखेला भक्कम आधार नव्हता. शिवाय रस्त्यावर पुस्तकांचे स्टॉल मांडायला वसंत ऋतू अधिक सोयीचा. म्हणून 1930 मध्ये जयंती सोडून पुण्यतिथी धरली गेली आणि 23 एप्रिल ठरला.

कातालोनियात हा दिवस आधीपासूनच सान्त जॉर्दी या संताच्या सणाचा. त्या दिवशी पुरुषांनी प्रिय स्त्रीला गुलाब द्यायची जुनी रीत होती. आता तिच्या जोडीला स्त्रियांनी पुरुषांना पुस्तक द्यायची प्रथा पडली. आज दोघेही दोन्ही देतात.

1995 मध्ये युनेस्कोने हा दिवस जगासाठी स्वीकारला. तेव्हा सर्व्हान्तेसच्या शेजारी शेक्सपिअर आणि पेरूत जन्मलेला लेखक इन्का गार्सिलासो यांची नावं आली.

आता तारखांचा हिशेब. सर्व्हान्तेस माद्रिदमध्ये वारला तो बहुधा 22 एप्रिलला. 23 हा त्याच्या दफनाचा दिवस. स्पेनने 1582 मध्येच ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं. इंग्लंड 1752 पर्यंत जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर चालत राहिलं. 1616 मध्ये दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. शेक्सपिअरच्या मृत्यूची 23 एप्रिल ही तारीख इंग्लंडच्या कॅलेंडरची; स्पेनमध्ये त्या दिवशी 3 मे होती.

म्हणजे दोघांना एका दिवशी मरण आलंच नाही. तरीही 23 एप्रिल टिकला, कारण विक्रेत्यांना तो धंद्याचा वाटला आणि वाचकांना सणाचा. दोन थोर लेखकांच्या या मानीव योगायोगाचं कौतुक जरूर करावं. पण या दिवसाचं श्रेय मात्र क्लाव्हेल यांना द्यावं.