लेझरच्या ठिपक्यावर किती भिस्त ठेवावी?

न्यूटनीय दुर्बीण घेणाऱ्याला आजकाल पहिला सल्ला मिळतो तो लेझर कोलिमेटर विकत घेण्याचा. सल्ल्यामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. प्रकाश सरळ रेषेत जातो. दुय्यम आरसा हलवून किरण मुख्य आरशाच्या मध्यखुणेवर पाडायचा, मग मुख्य आरशाचे स्क्रू फिरवून परतीचा किरण लेझरच्याच छिद्रात आणायचा, आरसे जुळले. काळोखात काम होते, वेळ थोडा लागतो. शिवाय मोठ्या दुर्बिणीत डोळा फोकसरला लावला की हात मागच्या स्क्रूंपर्यंत पोचत नाही, ती अडचणही लेझरने सुटते. हे सारे फायदे मला मान्य आहेत. मान्य नाही तो त्यातून काढला जाणारा निष्कर्ष: लेझर सर्वांत अचूक, म्हणून तेवढा असला की पुरे.

किरण सरळ जातो, पण तो फोकसरच्या अक्षावरूनच निघाला याची हमी कोण देणार? सव्वा इंची लेझर दोन इंची फोकसरमध्ये अडॅप्टर लावून बसवतात आणि एका बाजूचा स्क्रू आवळतात. त्या आवळण्याने लेझर किंचित कलतो. कल ०.२ अंशांचा धरू. आठ इंची एफ/५ दुर्बिणीचे नाभीय अंतर सुमारे १००० मिमी असते. तिच्या मुख्य आरशावर ठिपका साडेतीन मिमी सरकेल. आता इथे खरी गोम आहे. ठिपका मध्यखुणेवरून ढळलेला असताना परतीचा किरण छिद्रात आणला, तर ढळलेल्या अंतराच्या निम्मी चूक मुख्य आरशाच्या अक्षात उतरते. म्हणजे पावणेदोन मिमी. आणि परतीचा ठिपका तर नेमका छिद्रात दिसत असतो, त्यामुळे शंकाही येत नाही.

पावणेदोन मिमी म्हणजे काय मोठेसे, असे विचारले जाते. उत्तर नाभीय गुणोत्तरावर अवलंबून आहे. अन्वस्ताकार आरशाच्या अक्षाभोवती कोमा (ताऱ्याला शेपूट फुटल्यासारखा दिसणारा दोष) जाणवू न देणारे जे वर्तुळ असते, त्याचा व्यास नाभीय गुणोत्तराच्या घनाप्रमाणे बदलतो. एफ/८ला तो सुमारे ११ मिमी, एफ/५ला पावणेतीन मिमी, एफ/४ला जेमतेम १.४ मिमी. घरी घासलेल्या सहा इंची एफ/८ दुर्बिणीला ही चूक सहज पचते. एफ/५मध्ये मात्र दृश्याचा मध्यच त्या वर्तुळाबाहेर पडतो, आणि गुरूवरचे पट्टे पुसट दिसू लागले की दोष हवेच्या माथी मारला जातो.

लेझर स्वतःच वाकडा असेल तर गोष्ट आणखी बिघडते. फळीवर खिळ्यांच्या दोन जोड्या ठोकून त्यांवर लेझर आडवा ठेवावा, ठिपका चार-पाच मीटरवरच्या भिंतीवर पाडावा आणि लेझर सावकाश गोल फिरवावा. ठिपका जागचा हलला नाही तर ठीक. त्याने भिंतीवर वर्तुळ काढले, तर तो लेझर नीट केल्याशिवाय दुर्बिणीला लावू नये.

आणि दुय्यम आरसा फोकसरखाली योग्य जागी, योग्य बाजूला वळून बसला आहे का, यावर लेझर अवाक्षर बोलत नाही. आरसा गोल फिरून तिरका बसला असला तरी त्याचा कल बदलून ठिपका मध्यखुणेवर आणता येतो. हा दोष फक्त डोळ्याला दिसतो. फोकसरमध्ये मधोमध बारीक छिद्राची नळी लावून पाहिले की दुय्यम आरशाची कड गोल आणि नळीच्या कडेशी समकेंद्री दिसायला हवी. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या डबीला छिद्र पाडूनही हे काम होते, कारण ती डबी सव्वा इंची फोकसरमध्ये जवळजवळ चपखल बसते.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च तारांची फुली असलेल्या लांब चेशायर नळीवर करावा. ब्रिटिश प्रकाशशास्त्रज्ञ फ्रेडरिक चेशायर यांनी १९२१ साली वर्णन केलेले हे साधन आहे. ४५ अंशांत कापलेला चकचकीत पृष्ठभाग बाजूने प्रकाश घेतो, मुख्य आरशात त्याचे उजळ कडे दिसते, आणि कड्यामधला काळा ठिपका मध्यखुणेत आणायचा. ना बॅटरी, ना वाकडा किरण. रात्री टॉर्च धरावा लागतो, एवढीच अडचण.

लेझर आधीच घेतला असेल तर तो टाकून देण्याचे कारण नाही. स्वीडनच्या निल्स ओलोफ कार्लिन यांनी सुचवलेली युक्ती वापरावी: लेझरपुढे बार्लो भिंग लावावे. किरण पसरतो आणि मध्यखुणेच्या कड्याची सावली परत येऊन लेझरच्या तोंडाशी लावलेल्या पडद्यावर पडते. ती सावली मधोमध आणायची. लेझर थोडा कलला तरी सावली हलत नाही, त्यामुळे मुख्य आरशापुरती वरची निम्म्या चुकीची भानगड मिटते.

दुसऱ्या टोकाचेही एक मत ऐकू येते, की साधने नकोतच, ताऱ्याकडे पाहून सगळे कळते. ताऱ्याची परीक्षा शेवटची आहे हे खरे. पण आरसे बरेच ढळलेले असताना तिथून सुरुवात केली, तर कोणता स्क्रू कुठे वळवावा हे उमगत नाही. शिवाय ती ध्रुवताऱ्यावर करा, असे पुस्तके सांगतात. तो जागचा हलत नाही म्हणून. पुण्या-मुंबईत ध्रुव क्षितिजापासून १८-१९ अंशांवरच असतो, आणि त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिप्पट हवेतून येतो. ताऱ्याभोवती दिसणारी वलये एवढी थरथरतात की निवाडा होत नाही. उन्हाळ्यात स्वाती घ्यावा. तो मुंबईच्या जवळजवळ माथ्यावरून जातो, पण माथ्यावर डॉब्सोनियन वळवणे जिकिरीचे असते. म्हणून तो साठ अंशांच्या आसपास असताना पाहावे, आणि स्क्रू दर वेळी फिरवल्यावर तारा पुन्हा मध्यावर आणावा.