एमबीबीएसनंतरची दहा वर्षं: अंबाजोगाईतून बाहेर पडलेले डॉक्टर आणि त्यांचे संसार

मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीचा एमबीबीएसला नंबर लागला की चौकात फ्लेक्स लागतो, नमाजहून निघालेले लोक तिच्या अब्बांना थांबवून मुबारकबाद देतात, शाळेत सत्कार होतो. शिक्षक म्हणून अशा बऱ्याच सत्कारांना आम्ही हजर राहिलो आहोत. साडेपाच वर्षांनी डिग्री हातात आली की पुन्हा पेढे. त्यानंतर त्या मुलीचं काय झालं, हे विचारायला मात्र फार कमी लोक जातात.

आम्हालाही हा प्रश्न उशिराच सुचला. नात्यातले एक डॉक्टर आम्हाला त्यांच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याला घेऊन गेले होते. डिग्रीला पंचवीस वर्षं झालेली. रिवाज असा की एकेकाने उभं राहून सांगायचं: सध्या कुठे, काय करतो, जोडीदार काय करतो, मुलं कितवीला. कोणी पुण्यात हाडांचे डॉक्टर, कोणी सौदीत, कोणी याच जिल्ह्यात तालुक्याला दवाखाना काढलेला. टाळ्या पडत होत्या. मग काही बायकांची पाळी आली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "सध्या घरीच." त्यातली एक वर्गात पहिल्या पाचात असायची, असं आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी हळूच सांगितलं. हा लेख त्या दोन शब्दांमुळे लिहितो आहोत.

आधी कॉलेजबद्दल थोडं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1974 साली सुरू झालं. निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं, घरातल्या बुजुर्गांच्या तोंडी ते अजून ऐकू येतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ याच गावातल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. कॉलेज उभं राहण्यात डॉ. व्यंकटराव डावळे यांचा वाटा जुने लोक आवर्जून सांगतात. औरंगाबादचं वैद्यकीय महाविद्यालय 1956 चं, नांदेडचं 1988 चं, लातूरचं 2002 चं. म्हणजे बरीच वर्षं मराठवाड्याच्या पोरांना सरकारी फीमध्ये डॉक्टर व्हायचं तर औरंगाबाद नाहीतर अंबाजोगाई, एवढंच होतं. आज अंबाजोगाईत एमबीबीएसच्या 150 जागा आहेत. 2020 मध्ये राज्याने 70:30 ची प्रादेशिक अट काढली, त्यामुळे आपल्या मुलांना मुंबई-पुण्याची दारंही उघडली.

आता वर्षांचा हिशेब, कारण गडबड तिथेच होते. अठराव्या वर्षी प्रवेश. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे चोविसावं लागतं. सरकारी कॉलेजमध्ये शिकलेल्याला मग एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड. तो केला नाही तर 10 लाख रुपये भरावे लागतात. त्यानंतर नीट-पीजी. ही परीक्षा एमबीबीएसच्या प्रवेशापेक्षा सोपी असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पोरांना विचारून बघावं. 200 प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. बऱ्याच जणांचं एक वर्ष, काहींची दोन वर्षं नुसत्या अभ्यासात जातात. नंबर लागला तर एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. त्यावर पुन्हा बाँड, तो मोडला तर 50 लाख. तोवर तिशी आलेली असते. हृदयाचा किंवा मेंदूचा डॉक्टर व्हायचं तर आणखी तीन वर्षं, आणि तिथला बाँड 2 कोटींचा. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून बाँडच्या बाबतीत ऐकीव माहितीवर जाऊ नये. त्या वर्षीचं वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचं परिपत्रक वाचावं.

एमडी-एमएस मिळालं नाही म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं डीएनबी आहे, तेही तीन वर्षांचं. त्याच मंडळाने अलीकडे दोन वर्षांचे डिप्लोमाही सुरू केले आहेत. भूल, बालरोग, स्त्रीरोग, डोळे, फॅमिली मेडिसिन वगैरे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होता येतं. केंद्रात जायचं असेल तर यूपीएससीची वेगळी वैद्यकीय सेवा परीक्षा आहे. आपल्या समाजात बीयूएमएस करणारी मुलं-मुलीही बरीच आहेत. त्यांचाही कोर्स साडेपाच वर्षांचाच, पण नोंदणी वेगळ्या परिषदेकडे आणि पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षाही वेगळी. परदेशातून एमबीबीएस करून येणाऱ्यांना इथे एफएमजीई पास व्हावं लागतं, 300 पैकी 150. एजंट ही गोष्ट शेवटी सांगतो, किंवा सांगतच नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे मुलीसाठी रिश्ते यायला लागतात बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. तेव्हा ती इंटर्नसुद्धा झालेली नसते. घरच्यांना वाटतं, निकाह करून टाकू, पुढचं शिक्षण ती सासरी करेल. काही जणी करतातही. आमची एक विद्यार्थिनी बाळ सासूच्या मांडीवर ठेवून नीट-पीजीला बसली आणि भूलशास्त्रात गेली. पण त्या घरात अभ्यासाची खोली वेगळी काढली होती आणि स्वयंपाकातून तिला वर्षभर सूट होती. हे बोलणं मंगनीच्या आधी झालं होतं. जिथे झालं नाही, तिथे "एक वर्ष थांब, मग बस परीक्षेला" म्हणता म्हणता दहा वर्षं गेली.

निकाह हा करार आहे. दोन्ही बाजूंना मान्य, शरीअतला धरून असलेल्या शर्ती निकाहनाम्यात लिहिता येतात. मुलगी पुढे शिकेल आणि प्रॅक्टिस करेल, हे लिहिण्यात लाजण्यासारखं काही नाही. मेहरची रक्कम लिहितोच ना आपण! डॉक्टर जावई हवा म्हणणाऱ्यांनी एवढंही विचारावं की दोघांचा बाँड कधी संपतो आणि पीजीचं कॉलेज कोणत्या शहरात आहे. सरकारी नोकरीत बदल्यांच्या वेळी पती-पत्नी एकत्रीकरणाचा विचार होतो, शिकण्याच्या जागेला ती सोय नाही. पीजी करताना बाळंतपणाची रजा मिळते, पण ठरलेल्यापेक्षा जास्त दिवस गेले तर कोर्सची मुदत तेवढी पुढे सरकते.

नावाचंही एक सांगतो. निकाहनंतर आडनाव बदलावं असं आपल्या दीनात कुठे नाही, पण हौसेने बदललं जातं. मग डिग्रीवर एक नाव, आधारवर दुसरं. राजपत्रात नोंद करा, वैद्यकीय परिषदेत अर्ज करा, परदेशी जायचं तर तिथेही खुलासे करत बसा. डिग्रीवरचं नाव राहू द्यावं, हे बरं.

तालुक्याला स्थिरावलेल्या जोडप्यांचं चित्र बहुतेक सारखं असतं. तळमजल्यावर दवाखाना, वर घर. मियाँ सर्जन, बीवी स्त्रीरोगतज्ज्ञ, नाहीतर एक फिजिशियन आणि एक भूलतज्ज्ञ. कर्ज मोठं असतं. नर्सिंग होमची नोंदणी, सोनोग्राफीची वेगळी नोंदणी, जैव कचऱ्याची परवानगी. सोनोग्राफीच्या कागदात बीडमध्ये चूक चालत नाही, आणि चालूही नये. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. पुढे 2019 मध्ये ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 82 हजारांहून अधिक बायकांमध्ये 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कितीतरी बायका पुरुष डॉक्टरांसमोर दुखणं नीट सांगत नाहीत. केज, माजलगाव, गेवराईला आपली एखादी मुलगी ओपीडीत बसली तर कोणाला उपयोग होईल, ते यावरून कळावं.

"सध्या घरीच" म्हणणाऱ्यांसाठी रस्ता बंद नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी परिषदा-कार्यशाळांना हजर राहून 30 गुण जमवावे लागतात. नोंदणी सुटली असेल तर आधी ती पूर्ववत करून घ्यावी. मग एखाद्या अनुभवी डॉक्टरकडे काही महिने सोबत बसावं, कारण औषधं आणि उपचार बदललेले असतात.

मेळाव्यात भेटलेल्या त्यातल्या एका बाईंशी नंतर बोलणं झालं. नोंदणी नवी करून घेतली, म्हणाल्या. आता सकाळी दहा ते एक एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसतात. धाकटा मुलगा शाळेतून दीडला येतो, त्याच्या आधी घरी पोहोचतात.